लाखावर तीन

"अकरा," भटजी म्हणाले. पानाला चुना लावता लावता म्हणाले, उद्या ऊन पडेल असं सांगावं इतक्या सहज. "अकरा सुवासिनी बसवा. एकादश रुद्र. एकेकीच्या वाट्याला नऊ हजार एक्क्याण्णव वाती येतात. एक कमी नाही, एक जास्त नाही." माजघराच्या दाराआड मी तांदळाचं सूप घेऊन उभी होते. पाखडणं थांबलं. नऊ हजार एक्क्याण्णवची मनातल्या मनात दसपट केली, त्यात आणखी एकदा तेवढेच मिळवले. एक लाख एक. मेला बरोबर होता. ओसरीवर माझ्या सासूनं, पार्वताबाईनं, कधीपासून कोंडलेला श्वास सोडला, आणि अकोल्याहून आलेले महादेवराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "जमलं मंग! माह्या कौशल्येले बराबरीचा वाटा भेटला. मले दुसरं काई नाई पायजे." कौशल्या म्हणजे त्यांची चौदा वर्षांची मुलगी. माझ्या नवऱ्याची होणारी दुसरी बायको. पहिली मी, आणि मी मेले नव्हते, माहेरी गेले नव्हते, तिथंच दाराआड तांदूळ पाखडत होते.

सांगते नीट. मला अमरावतीला नांदायला येऊन चौदा वर्षं झाली आणि कूस उजवली नाही. ज्या वर्षी मी या घरचं माप ओलांडलं त्याच वर्षी तिकडे अकोल्यात ती कौशल्या जन्मली असणार. दोष कुणाचा ते कुणी तपासलं नाही. तो बाईचाच धरून चालायचं असतं. आषाढात सासूनं माझ्या गळ्यात लाखवातींचा नवस घातला. लाख वाती वळायच्या आणि त्रिपुरी पौर्णिमेला दिवेलागणीला देवीपुढं लावायच्या. भटजींनी नियम सांगितले आणि मी ते कान देऊन ऐकले, कारण नियम ऐकायची मला लहानपणापासून खोड आहे. वात नवस करणारीच्याच हातची हवी, दुसरीनं वळलेली चालत नाही. एकदा वळली की ती देवीची झाली. मोडायची नाही, टाकायची नाही, घरच्या दिव्यात घालायची नाही. आणि नवसात कुणी वाटेकरीण असेल तर वाटे वातीला वात लावून सारखे पाडायचे. एक जरी उरली तरी नवस त्या वाटेकरणीवर उलटतो. वाटेकरणीची गोष्ट तेव्हा कशाला काढली, ते मला दसऱ्याला कळलं.

ते दिवस तुम्हाला ठाऊक नसतील. दूर कुठल्याशा मुलखात गोऱ्या लोकांची आपसात लढाई लागली होती आणि तिच्यापायी आमच्याकडे कापूस देवापेक्षा मोठा झाला होता. बैलगाड्यांच्या रांगा बडनेऱ्याच्या वाटेवर संपता संपत नसत. कापसाचे तंतू हवेत तरंगायचे, भाकरीत यायचे, घशात अडकायचे. सगळं गाव खोकायचं आणि खोकताना हसायचं. माझा नवरा बाजारात मापारी. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. खुशालराव. घेतलं. काट्याला बोझा लागला की मोठ्यानं आकडा पुकारायचा, हे त्याचं काम. मापारी एक म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, मग दोन, मग तीन. पुकारलेला आकडा माघारी घेत नाही. अख्ख्या बाजाराचा त्याच्या तोंडावर विश्वास होता आणि घरात मात्र त्या तोंडातून शब्द फुटत नसे. दर संध्याकाळी तो अंगभर कापूस लावून घरी यायचा, बाह्यांवर, मिशांवर, धोतराच्या निऱ्यांत. मी तो वेचून घ्यायची आणि त्याच्या वाती वळायची. विकतचा कापूस नवसाला कोण देणार होतं. त्याच्याजवळ जायचं मला तेवढंच कारण उरलं होतं आणि ते मी जपून वापरायची, हे लपवत नाही.

दसऱ्याला सोनं लुटून झालं, आणि सासू माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी वाईट आहे. "माणिक, अर्ध्या वाती तुह्या, अर्ध्या कौशल्येच्या," ती म्हणाली. "देवीपुढं दोघींची कूस बराबर. जिची उजवंल तिची उजवंल." मग सगळं बाहेर आलं. महादेवराव नव्यानं वर आलेले, घर छपरापर्यंत कापसानं भरलेलं. ते मुलगी द्यायला तयार होते, पण दुय्यम म्हणून नाही. देवीपुढं वातीला वात बरोबरीचा वाटा मिळाला तरच हळद लागेल, नाहीतर नाही. वर रीत अशी की पहिलीनं स्वतः जाऊन दुसरीला कुंकू लावायचं. मला बैलांच्या दमणीत बसवून अकोल्याला नेलं. त्या घरात शिरलं की नाकात तंतूच जायचे. कौशल्या मागच्या खोलीत कापसाच्या ढिगावर उड्या मारत होती, गुडघ्यापर्यंत आत जायची आणि खिदळायची. आईनं चापट मारून तिला माझ्यापुढं आणून बसवलं. मी कुंकू लावत असताना तिनं विचारलं, "तुमीच का माही सवत?" मी हो म्हणाले. "तुमी मारता का?" तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. परत येताना मी रस्ताभर एक शब्द बोलले नाही आणि सासूला वाटलं मी ऐकलं.

मी ऐकलं नव्हतं. मी लाखाचा विचार करत होते. लाख हा मोठा लाळघोट्या आकडा आहे, कुणी मागा, हा वाटून घ्यायला तयार. दोघींत वाटतो, चौघींत वाटतो, पाच, आठ, दहा, सोळा, वीस. एकूण छत्तीस तऱ्हांनी वाटता येतो, मी मोजलंय. तेव्हा घरी येऊन मी गुपचूप एक वात जास्त वळली आणि सांगून टाकलं, देवाला वरची एक. सगळ्यांना कौतुक वाटलं. शंभरावर एक, हजारावर एक, आपण देतोच. मग महादेवराव अर्धं करायला बसले आणि एक वात उरली. आठ दिवस ते नि सासू तोंड पाडून होते. दोघींत नाही तर पाच सुवासिनी बसवू, त्यात या दोघी; कौशल्येला कुंकू लागलंय, म्हणजे तीही चालते. पाचांत नाही तर सातांत, नवांत, एकवीसांत. मी हे सगळे आधीच तपासून ठेवले होते, कुणातच लाख एक बसत नव्हता. अकरा तेवढे मी तपासले नव्हते. हिशेब चुकला म्हणावं तर तसंही नाही. अकरा म्हटलं की मला अकरावा आठवतो. बाप गेला तेव्हा नदीकाठी केलेलं पिंडदान, ओल्या वाळूचा वास, विधी आटपेना म्हणून उन्हात ताटकळलेली माणसं. अकरा बायका हळदीकुंकवाची बोटं लावून ओळीनं बसतील हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. तो आकडा मी जिवंत माणसांच्या कामाचा धरलाच नव्हता. भटजींनी धरला, कारण त्यांना दोन्हीकडची दक्षिणा ठाऊक.

बाप माझा पुंजाराम, हिवरखेडला देवळाची झाडलोट करायचा. गावचा पंतोजी एक दिवस कुणाला न सांगता निघून गेला, तेव्हापासून बापच देवळाच्या ओसरीत पोरांना पाढे शिकवू लागला. मी खांबामागं बसून कापसातली सरकी काढायची. पोरं ओरडायची आणि माझ्यात ते पाढे साचत जायचे, मला न विचारता. एकदा मी मधेच बोलले, "बाबा, सत्त्याण्णव कोणाच्याच पाढ्यात काहून येत नाई?" पोरं हसली. बाप हसला नाही. तो म्हणाला, "एकलकोंडा हाय तो. असतात काई काई. कोणात मिसळत नाईत." मी विचारलं, "अन् एक्क्याण्णव?" तो म्हणाला, "तूच पाह्य." दोन दिवस लागले, पण मला तेरा साती एक्क्याण्णव सापडले आणि मी धावत जाऊन त्याला सांगितलं. त्या दिवशी जेवताना तो आईला म्हणाला, "पोरीच्या डोक्यात आकडे बसून राहिले, मंग संसार कुठी बसंल?" आणि पाढ्यांच्या वेळी मला सरकी घेऊन घराच्या मागच्या अंगणात बसवू लागले. पण आकडे काय, अंगणातही होते. मी त्यांच्या जाती पाडल्या. बारा, चोवीस, साठ हे लेकुरवाळे, ज्यांच्या पदराला कितीतरी लहान आकडे लोंबतात. सात, तेरा, सत्त्याण्णव हे एकलकोंडे. आणि अधलेमधले काही फसवे, एक्क्याण्णवसारखे, दिसायला एकलकोंडे आणि आतून दोन तुकडे जोडलेले. लाख एक हा तसला फसवा निघाला.

भटजी गेले त्या दुपारी मी भांडी घासत होते, आणि माझ्या तोंडून त्या एकलकोंड्यांना एक शब्द निघून गेला. वांझ. गल्लीतल्या बायका माझ्यासाठी वापरतात तोच. हळू आवाजात वापरतात, पण अमरावतीच्या भिंती पातळ आहेत. जीभ चावली. सत्त्याण्णवचं काय अडलंय? तो शहाण्णवच्या पुढं आणि अठ्ठ्याण्णवच्या मागं आपल्या जागी धड उभा आहे. कुणाला त्याचे सारखे तुकडे करता येत नाहीत, यात त्याचं काय कमी झालं? बाकीचे सगळे आकडे शेवटी फोडत फोडत गेलं की याच एकलकोंड्यांवर येऊन थांबतात; साठ फोडा, दोन, दोन, तीन, पाच उरतात, त्यापुढं फुटत नाही. म्हणजे हे खालचे दगड आहेत, ज्यांवर घरं उभी. जो शब्द आकड्याला लागत नाही तो मलाही लागत नाही. मला राग आला. चौदा वर्षांत पहिल्यांदा असा राग आला की त्यानं बरं वाटलं. हातातलं पातेलं मी इतकं घासलं की त्यात तोंड दिसायला लागलं.

पौर्णिमेला बारा दिवस होते. वाती काढता येत नव्हत्या, वाढवता येत होत्या, आणि वाढवणारे हात माझेच. आणखी एक वळली तर लाख दोन. तो तर सरळ दोघींत तुटतो, कौशल्येला अर्धा मिळतो. दोन वळल्या तर लाख तीन. लाख तीन दोघींत तुटत नाही, तिघींत एक उरते, पाचांत तीन, सातांत एक, अकरांत दोन. पण एकदा फसले होते. महादेवराव पन्नास बायका जमवतील, शंभर जमवतील, कापसानं माणूस काहीही जमवतो. लाख तीन कुणातच वाटला जात नाही, हे मला पक्कं हवं होतं. तसं पक्कं झाल्याशिवाय मी त्या दोन वाती वळणार नव्हते, कारण एकदा वळल्या की वळल्या.

चुलीतली राख ताटात पसरून मी बोटानं भागाकार करू लागले. सासू आली की मी तेच ताट घासायला घ्यायची. मग वाटलं, हे संपणार कधी? बायका तीनशे असू शकतात, नऊशे असू शकतात, पाच हजार असू शकतात. पौर्णिमा येईल आणि मी राखेतच बसलेली असेन. हे मी रजियाबीजवळ बोलले. रजियाबी शेजारच्या गल्लीतली, वली पिंजाऱ्याची बायको. माझा वेचलेला कापूस तीच पिंजून द्यायची. कापूस पिंजायच्या धुनकीची तात टणत्कार करत होती आणि तिच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "मले तुहे आकडे समजत नाईत माय. पण येक सांग. चारशे बाया बसवल्या, सारखं वाटलं, तं येकेकीच्या हातात किती येतीन?"

"अडीचशेच्या आसपास," मी म्हणाले.

"मंग अडीचशे बाया तू आधीच बसवून पायल्या असशीन नं? तवा येकेकीले चारशे आले असते. ढीग तेच. बायाच्या जागी वाती अन् वातीच्या जागी बाया." तिनं पुन्हा तात ओढली. "तेच काम दोनदा काहून करतं?"

मी तिथंच बसून राहिले. अंगावर कापूस पडत होता, झटकायचं भान राहिलं नाही. खरंच होतं. बायका वाढल्या की एकेकीच्या वाती कमी होणार, आणि कुठंतरी मधे दोन्ही सारखे होणार, तिथून पुढं सगळं उलटं तेच. तीनशे सोळांना तीनशे सोळा दिले तर लाखाला थोडे कमी पडतात, तीनशे सतरांना तीनशे सतरा दिले तर लाख तीनच्या पुढं जातं. म्हणजे तीनशे सोळापर्यंत कुणाला जमलं नाही तर पुढं पाच हजार बायका आणा, दहा हजार आणा, जमणार नाही. आणि त्यातही लेकुरवाळे आकडे तपासायचं कारण नाही. सहाजणींना जमायचं असेल तर आधी तिघींना जमायला हवं. उरतात फक्त एकलकोंडे. तीनशे सोळापर्यंत ते पासष्ट आहेत. मी रजियाबीचे दोन्ही गाल धरले. ती म्हणाली, "सोड वो, दम लागते," आणि हसली. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईनं मला आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट शिकवली, आणि मी तिला त्याबद्दल दोन भाकरी देऊ शकले फक्त.

पासष्ट आकडे, बारा दिवस. सासू सकाळी बाहेर गेली की दोन, दुपारी ती लवंडली की चार. तेरा जणींत सात वाती उरल्या. सतरांत नऊ, एकोणीसांत सहा. तेवीस जणींना एकच वात कमी पडली, आणि मला घाम फुटला. एवढ्या जवळ येऊन चुकलेलं पाहिलं की वाटतं, आपण कशाच्या काठावर उभे आहोत. एक्केचाळीसांत चार. मी त्या बायकांना खरंच बसलेल्या बघायला लागले होते, ओळीनं, नाकात नथी, समोर पाट, आणि दर वेळी शेवटच्या एकीच्या ओंजळीत कमी पडलेलं. त्या माझ्याकडे तोंड वाकडं करून बघायच्या. चौथ्या दिवशी एकोणनव्वदला शेष शून्य आलं. पोटात खड्डा पडला, अगदी तसा, सहा वर्षांपूर्वी अडीच महिन्यांचं पोटातलं गेलं तेव्हा पडला होता तसा. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. दोन दिवस अंगावर काढलं आणि तिसऱ्या दिवशी दळायला बसले. सासू म्हणते कूस कधी भरलीच नाही. भरली होती. मी एकटीनं भरलेली पाहिली आणि एकटीनं रिकामी झालेली. राख ओली झाली म्हणून पुसली, नवी पसरली आणि एकोणनव्वदचा भागाकार परत केला. हातचा विसरले होते. छपन्न उरल्या. मी रडले, आता मात्र आनंदानं, आणि रडत रडत सत्त्याण्णव घेतले. बापाचा तो लाडका आकडा. त्याच्यात त्र्याण्णव उरल्या.

अकराव्या दिवशी तीनशे तेरा झाले. एकशे छपन्न उरल्या. संपलं. पासष्टच्या पासष्ट हरले होते. मी अंगणात आले. गाड्या चालल्या होत्या, धूळ आणि कापूस एकत्र उडत होते. गावात साहेब लोक होते, दलाल होते, रेल्वेची खडी टाकणारे होते, एवढे मोठे मोठे आकडे तोंडानं फेकणारे लोक होते, आणि लाख तीन हा एकलकोंडा आहे हे त्या सगळ्यांत एकट्या मला ठाऊक होतं. मग हात धुतले, कोरडे केले, तळव्यांना राख लावली आणि दोन वाती वळल्या. इतक्या सुबक वाती मी त्या चार महिन्यांत वळल्या नव्हत्या.

पौर्णिमेला तिसऱ्या प्रहरी अंगण सारवून ठेवलं होतं. शंभर शंभराच्या हजार जुड्या सुपांमध्ये रचलेल्या, बाजूला पितळी परात, तिळाच्या तेलाचं पातेलं. अकरा पाट. नऊ सुवासिनी येऊन बसल्या होत्या, दहावी कौशल्या, जरीचं लुगडं सावरता येत नव्हतं तिला. अकरावा पाट माझा. महादेवराव खांबाला टेकून उभे होते, अंगात नवा कोट. मोजणी अर्थात माझ्या नवऱ्याकडे. त्यानं बाजारातल्यासारखी सुरुवात केली, "लाभ, दोन, तीन," आणि जुड्या एकेक करून परातीत ठेवत हजारापर्यंत आला. आवाज खणखणीत. मग सुट्या वाती उचलल्या. "हजार जुड्या," त्यानं पुकारलं, "अन् वर..." तो थांबला. तळहात पुढं करून त्यानं परत पाहिलं. "वर तीन. लाख तीन."

"तीन?" सासू उठली. "येक होती."

"मी वळल्या," मी म्हणाले.

भटजींनी अकरांत वाटून पाहिलं, दोन उरल्या. ते म्हणाले घाबरू नका, मार्ग निघतो. तेरा धरले. मग पंधरा. मग एकवीस धरले तेव्हा एकच वात उरली आणि सासूच्या चेहऱ्यावर जीव आला, पण एकही उरायची नव्हती, हे त्यांनीच सांगितलेलं. गल्लीतून बायका बोलावल्या. एकशे आठांचा हिशेब केला, एकशे तीन उरल्या. ऊन भिंतीवर चढत गेलं. पाटांवरच्या बायकांचे पाय अवघडले, त्या एकमेकींना कोपरं मारून हसू दाबत होत्या. शेवटी भटजींनी उपरण्यानं कपाळ पुसलं. महादेवराव पुढं आले आणि सरळ मला म्हणाले, "बाई, हा आकडा कोणी काढला?"

परक्या पुरुषाशी मी कधी तोंड वर करून बोलले नव्हते. पदर होता तसाच राहू दिला. "मी काढला," म्हणाले. "हा कोणातच वाटला जात नाई. दोघीत नाई, अकरांत नाई, तीनशेंत नाई, दहा हजारांत नाई. तुमाले वाटतच असंल तं लाख तीन बाया आणा, येकेकीले येक वात येईल. नाई तं मी येकटी."

पाटावरून कौशल्या माझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "खरंच नाई वाटल्या जात?" मी म्हणाले, "खरंच नाई." तिनं डोक्यावरचा जरीचा पदर खाली ओढला आणि मोठा श्वास घेतला. मारता का विचारणारी ती पोर. तिच्याशी माझं कधी भांडण नव्हतं.

सासूनं मात्र आयुष्यभर घर चालवलं होतं, ती भटजींपेक्षा हुशार. ती माझ्याजवळ आली आणि सगळ्यांदेखत बोलली, "येक वात अजून वळ. लाख चार होतील. दोघीत बरोब्बर." अंगण पुन्हा श्वास घेऊ लागलं. इतकी सोपी गोष्ट. तिनं सुपातून चिमूटभर कापूस उचलून माझ्या पुढ्यात धरला. "वळ, माणिक. येकच. मी हात जोडतो तुले." आणि तिनं खरंच जोडले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. तिच्या हातावरच्या शिरा मला दिसल्या, आणि मला तिची दया आली, खोटं कशाला बोलू. तिलाही कुणीतरी असंच कधी काही वळायला लावलं असेल. मी कापूस घेतला नाही. तेलाच्या पातेल्यात मी दोन्ही हात घातले, कोपरापर्यंत, आणि बाहेर काढून सगळ्यांसमोर धरले. तेल मनगटावरून, बांगड्यांवरून सारवलेल्या जमिनीवर गळत राहिलं. तेलकट तळव्यावर वात वळली जात नाही, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. "आता नाई वळत," मी म्हणाले.

"तू सांग तिले!" सासू मुलावर ओरडली. "राखेनं पुस म्हणा. हात धू म्हणा." माझ्या नवऱ्यानं एकदा माझ्या हातांकडे पाहिलं, एकदा परातीकडे. त्याच्या मिशीला कापूस होता. "आकडा पुकारून झाला, माय," तो म्हणाला. "पुकारलेला आकडा मी फिरवत नाई." तो माझ्या बाजूनं बोलला की आकड्याच्या, मला आजही सांगता येत नाही. पण बोलला.

महादेवरावांनी दमणी जोडायला सांगितली. कौशल्या चढताना लुगड्यात अडखळली आणि स्वतःच हसली. सुवासिनी पाट सोडून उठल्या, गेल्या मात्र नाहीत. भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या. दिवेलागणीला मी तेलाच्या हातांनीच परात उचलली, देवीच्या देवळापर्यंत डोक्यावर नेली, आणि हजार जुड्या आणि तीन वाती एकटीनं लावल्या. एवढा मोठा जाळ झाला की भुवया होरपळल्या. मी देवीकडे मूल मागितलं नाही. काहीच मागितलं नाही. जाळ विझेपर्यंत उभी राहिले आणि घरी आले.

सासू अजून माझ्याशी बोलत नाही. बाजारात म्हणे आता लढाई संपायच्या गोष्टी आहेत, आणि घरात म्हणे मूर्तिजापूरकडे कुणाची तरी मुलगी आहे. पुढच्या आषाढात नवा नवस गळ्यात पडेल, नव्या सुवासिनी, नवे पाट, आणि या वेळी भटजी आधीच ताळा करून येतील. येऊ देत. लाख तीनच्या पुढचा एकलकोंडा मी शोधून ठेवला आहे. फार लांब नाही तो. कुणाला सांगणार नाही.